खुर्चीमागची जागा

"पोतं खाली ठेव," निवृत्ती म्हणाला.

सुधाकरने ठेवलं नाही. पोत्यात आठ तसबिरी होत्या. नववी अजून भिंतीवर होती आणि तिचा खिळा घट्ट बसला होता. त्याने जोर लावून ओढली. खिळ्यासकट चुन्याचा पोपडा खाली आला.

नऊ तसबिरी, नऊ नाताळ. १९५२ सालापासून गेल्या वर्षापर्यंतचे. प्रत्येकीत बुलढाण्याचं हेच अंगण, कामट्यांचा आणि पतंगाच्या कागदाचा तारा, आणि तीच चार माणसं. मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर असलेला निवृत्ती खुर्चीत. शेजारी त्याची बायको रुखमाबाई, पुढ्यात धाकटी शारदा. आणि खुर्चीमागे, बापाच्या उजव्या खांद्यावर हात ठेवून, सुधाकर. पहिल्या फोटोत त्यासाठी त्याने टाचा उचलल्या होत्या.

"जाळून टाकतो हे," सुधाकर म्हणाला. "परवा तहसीलचा माणूस मोताळ्याले काकाकडं येऊन गेला. आज नाही तर उद्या इथं येईन."

"येऊ दे. पाह्यचं ते पाहीन."

"मंग माह्यी जागा जाईन."

जागा म्हणजे नागपूरला डॉक्टरीची राखीव जागा. निवृत्ती आणि त्याचा भाऊ पुंजाजी एकाच जातीत, एकाच घरात जन्मले होते. पुंजाजी हिंदू राहिला, म्हणून त्याच्या घरच्याला ती जागा मिळत होती. निवृत्ती ख्रिस्ती झाला, म्हणून त्याच्या मुलाला मिळत नव्हती. सुधाकरने जूनमध्ये अर्ज भरला तेव्हा पालक म्हणून काकाचं नाव घातलं. वडिलांच्या रकान्यात एक शब्द लिहिला.

"मयत," निवृत्ती म्हणाला. "पुंजाजीनं सांगतलं मले. काऊन बे, कधी मेलो मी? तारीख तरी टाकली का नाही?"

"टाकली."

रुखमाबाई करंज्यांचं ताट घेऊन आत येत होती. ती दारातच थांबली.

"मोताळ्यात अजून मले वरूनच पाणी ओततात," सुधाकर म्हणाला. "तवा कोनी इचारत नाही, तू ख्रिस्ती हाय का म्हणून. कागदावर तेवढं इचारतात. तुम्ही देव बदलला. मले काय भेटलं? वर्साले एक फोटो."

"मंग नको उभा राहू फोटोत. आज नाही, कधीच नाही. चालता हो."

सुधाकर पोतं खांद्यावर टाकून अंगणात आला. तिथे चिंतामण फोटोग्राफरने तिपाईवर कॅमेरा बसवला होता. आतलं सगळं त्याने ऐकलं होतं. तो भिंग पुसत होता, बराच वेळ पुसत होता.

फाटकाशी सायकल टेकली. काखेत कागदांची पिशवी घेतलेला एक कारकून अंगणात आला. निवृत्तीही आवाज ऐकून बाहेर आला.

"निवृत्ती कंपाउंडर आपणच ना? मी तहसीलीतून आलो. सणाच्या दिवशी त्रास देतो." त्याने कागद काढला. "निनावी अर्ज आहे. मोताळ्याच्या पुंजाजींचा पुतण्या, सुधाकर. बाप वारला असं लिहून त्याने राखीव जागा घेतली. अर्जदार म्हणतो, बाप जिवंत आहे, ख्रिस्ती आहे, आणि तो तुम्ही."

सुधाकर चार पावलांवर उभा होता. निवृत्तीला आता तोंड उघडायचीही गरज नव्हती. नुसतं बोट दाखवलं तरी पुरे होतं.

"मले एकच पोरगी हाय," निवृत्ती म्हणाला. "त्या पोराचा बाप मेला साहेब. त्यानं खरं लिहेल हाय."

"आणि हा कोण?"

"पेशंट. बाटल्या आणल्या औषध न्यायले."

सुधाकरने पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आत काच वाजली.

कारकुनाने उघड्या दारातून भिंतीकडे पाहिलं. धुराने पिवळ्या पडलेल्या भिंतीवर नऊ पांढरे चौकोन होते.

"इथले फोटो कुठे गेले?"

"चुना लावाचा हाय," रुखमाबाई म्हणाली आणि करंज्यांचं ताट त्याच्यापुढे धरलं.

त्याने एक करंजी उचलली आणि ओट्यावर बसला. "होऊ द्या तुमचा फोटो. घरात कोण कोण आहे ते आपोआप कळेल. मला घाई नाही."

"चला, आपापल्या जागी," चिंतामण सवयीने म्हणाला आणि काळ्या कापडात शिरला.

त्याच्या प्लेटवर चित्र उमटायला दोन सेकंद लागत. तेवढ्यात जो हलेल तो पुसट येई. म्हणून नऊ वर्षांत या घराने एक गोष्ट पाठ केली होती: हाक आली की जागेवर जायचं आणि दगड व्हायचं. निवृत्ती खुर्चीत बसला. रुखमाबाईने पदर सारखा केला. शारदा पुढे आली.

सुधाकरने पोतं खाली ठेवलं. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. त्याने काही ठरवलंही नव्हतं. पाय खुर्चीमागे गेले आणि उजवा हात निवृत्तीच्या खांद्यावर पडला.

कारकुनाची करंजी तोंडापाशी थांबली.

निवृत्तीने मान वळवली नाही. तो भिंगाकडे पाहत राहिला. दोन सेकंद त्याने तो हात तसाच राहू दिला. मग मनगटाला धरून उचलला आणि खाली सोडला.

"भाऊसाहेब," तो खुर्चीमागच्या माणसाला म्हणाला, "तुम्ही जरा बाजूले व्हा जी. हा घरच्यांचा फोटो हाय."