बाटलीतले खडे

सुराकार्ता शहरातल्या लास्त्रीची आई ऑपरेशनला फार घाबरायची. नारळाचं दूध आणि तळण सोडून, उकडलेल्या भाज्यांवर तिने पित्ताशयातल्या खड्यांसोबत कित्येक वर्षं काढली. शेवटी पित्ताशय सडलं तेव्हा उशीर झाला होता. इस्पितळातून बाबा घरी आले ते छोट्या काचेच्या बाटलीत तिचे खडे घेऊन. बाटली त्यांनी फळीवर तिच्या फोटोशेजारी ठेवली.

यंदा एका लग्नात नारळाच्या दुधात आटवलेलं मटण, रेंदांग, खाल्लं आणि लास्त्रीच्याही उजव्या बरगडीखाली कळ आली. सोनोग्राफीत खडे दिसले. डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सुचवलं.

“आधी पथ्य करून बघते, बाबा.”

“तुझी आईही हेच म्हणायची गं.”

दुपारी लास्त्री अंथरुणात कुशीवर वळली, तशी फळीवरची बाटली खळखळली. ती परत वळली. बाटली परत खळखळली.

बाबांनी उठून बाटली मुठीत घट्ट धरली आणि ते तिच्या उशाशी बसले.

“वळ बघू पुन्हा,” ते डोळे पुसत म्हणाले.

लास्त्री वळली. खळखळ झाली, पण ती तिच्या पोटातून.

बाबांनी मूठ उघडली. बाटलीचं बूच तसंच घट्ट बसलेलं होतं. आत एकही खडा नव्हता.