जाहिरातीचा सरंगा

“मेलेल्या माशाला तेल चोळतं का गो कोनी? उद्या पावडर लावा म्हनतील,” शेजारची वत्सला रत्नाबाईच्या कानाशी पुटपुटली.

ऑनलाइन मासे विकणाऱ्या कंपनीच्या सूचना सून उन्नती मोबाईलवरून वाचून दाखवत होती. माशाला तेलाचा हलका हात लावावा, म्हणजे कॅमेऱ्यात चमकतो. आजींनी हिरवं लुगडं नेसावं. मासा दोन्ही हातांवर धरून म्हणावं, ‘आमच्या सातपाटीचा ताजा सरंगा, आज पहाटे आमच्याच बोटीनं आणलेला.’ बस्स. एवढ्याचे चाळीस हजार.

रत्नाबाईनं नुसतं ‘हूं’ केलं. सुनेनं वर्षभरापूर्वी गंमत म्हणून तिचा मासे साफ करतानाचा व्हिडिओ टाकला, तेव्हापासून अडीच लाख माणसं रोज तिची बोलणी खायला येत होती. ‘डोळा खोल गेलेला मासा घेता आनि मग वास मारतो म्हनून रडता,’ असं ती सुनावायची, आणि लोक खाली बदाम टाकायचे. बाजारातही तिची तीच रीत. स्वतःच्या पाटीतला मासा ती ‘कालचा हाय, तळून खा’ असं सांगूनच विकत आली होती. या तोंडावर लोकांचा विश्वास होता आणि आता या तोंडाला पहिली जाहिरात आली होती.

पैसे कशाला हवेत, ते घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं. घरची बोट दिवाळीपासून किनाऱ्यावर ओढून ठेवलेली, इंजिन खोललेलं. रत्नाबाईचा मुलगा धर्मेश त्या बोटीचा तांडेल, बोट हाकणारा. तो रोज ओट्याच्या भिंतीला टेकून एकच जाळं पुन्हा पुन्हा सांधत बसायचा. ‘इंजिन झालं की जाऊ,’ म्हणायचा. मग घरातले सगळे ‘हो, इंजिन झालं की’ म्हणायचे आणि आपापल्या कामाला लागायचे.

उन्नतीनं कंपनीकडून आलेल्या थर्माकोलच्या डब्याची चिकटपट्टी कापली. वरचा बर्फ दोन्ही हातांनी बाजूला सारला आणि ती थबकली.

“आई, यांनी चुकून भलताच मासा पाठवला वाटतं. हे पापलेट नाय.”

उन्नती बोईसरची. लग्न होऊन सातपाटीत आली त्याला नऊ वर्षं झाली होती. नऊ वर्षं ती याच ओट्यावर पापलेटं धूत होती, पण तिचं पापलेट तळहातावर मावायचं.

रत्नाबाई वाकली. बघितलं. उठली, मोरीवर जाऊन हात धुऊन आली. मासे कापून झाल्यावर हात धुणारी ही बाई, आज हात लावण्याआधी धुऊन आली.

“पापलेटच हाय,” ती हळूच म्हणाली. “मोठं झालं की यालाच सरंगा म्हनतात.”

तिनं तो उचलला तेव्हा मनगटं किंचित खाली गेली. जेवणाच्या ताटाएवढा मासा. पाठीवर निळसर राखी छाया, पोटाकडे उतरत गेलेला पांढरा उजेड, आणि शेपटीची दोन्ही टोकं कुणी कातरून ठेवल्यासारखी नेमकी. सवयीनं तिनं कल्ला उचलून पाहिला. आठ दिवसांचा तरी होता. डब्यावरच्या चिठ्ठीत कुठल्या तरी लांबच्या बंदराचं नाव होतं. पण हातांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. हातांना वजनाची ओळख पटली होती.

शूटिंगची मजा बघायला जमलेल्या शेजारणी पुढे सरकल्या. वत्सलानं चपला ओट्याखाली काढल्या. मासा बघायला कुणी चपला काढल्याचं गावात आजवर ऐकलं नव्हतं, पण कुणी हसलं नाही. तिनं एक बोट माशाच्या पोटाला लावलं, तान्ह्याच्या गालाला लावावं तसं.

“असे पाटी भरून यायचे गो,” ती म्हणाली. “डोक्यावरची चुंबळ चेपून जायची.”

तेलाची वाटी तशीच राहिली. तेलाची गरजच नव्हती. उन्हं ओट्यावर आली होती आणि त्या माशाचा उजेड रत्नाबाईच्या हनुवटीवर पडला होता.

“आई, बोला आता,” उन्नतीनं मोबाईल स्टँडवर नीट बसवला.

“नमस्कार. मी रत्नाबाई. हा बघा आमच्या सातपाटीचा सरंगा, आज पहाटे आमच्याच...”

तिथं आवाज अडला. उन्नतीनं पुन्हा सुरू केलं. दुसऱ्यांदाही ‘आमच्याच’वर गाडी थांबली. तिसऱ्यांदा रत्नाबाईनं डोळे मिटून बोलून बघितलं. जमलं नाही. वत्सला लांब काठ्यांवर वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत राहिली. उन्नतीनं मोबाईलची काच उगाच पदरानं पुसली.

“घसा सुकला,” रत्नाबाई म्हणाली. “पानी दे जरा.”

पाणी आणायला कुणी हललं नाही. भिंतीकडे धर्मेश उठत होता. इतका वेळ त्यानं डब्याकडे मान वळवली नव्हती. तो आला, आईसमोर उकिडवा बसला आणि हात पुढे केले. रत्नाबाईनं मासा त्याच्या हातांवर ठेवला. तांडेल माणूस, पण सरंगा असा धरून बसला जसं काही पहिल्यांदाच पोर हातात दिलंय. माशाच्या अंगावरचं बर्फाचं पाणी त्याच्या कोपरांवरून टपकत होतं.

“आई, नको बोलूस ते,” तो म्हणाला. “इंजिन झालं तरी हा मिळायचा नाय. पिलं रुपयाएवढी होती तेवाच आमी धरून आनली. सगळी.”