मनुबाईनं न बघितलेलं नाटक

"आत ये की गं! समाजमंदिर हाय, कोर्ट न्हवं," जोतीराम आबा शिडीवरूनच बायकोला ओरडले.

मनुबाई डोक्यावरची भाकरीची पाटी उतरवून दारातच थांबली. "हितनंच देते. घ्या वाढून ज्याचं त्यानं."

आबांचं तोंड एवढंसं झालं. विट्याजवळच्या त्या गावात दर रविवारी दहा-बारा जण मिळून पडीक समाजमंदिर पुन्हा उभं करत होते. कबुतरांची घाण काढून झाली होती. तमिळनाडूत सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान असलेल्या गावच्याच एकानं वरचे पत्रे पाठवले होते. पलटणीतून रिटायर होऊन आलेला इंद्रजित सगळ्यांना, जवानांना फटीगच्या अंगमेहनतीला लावल्यागत, राबवून घ्यायचा. जेवण मात्र पाळीनं, एकेका घरातून. आज आबांच्या घरची पाळी. त्या निमित्तानं तरी बायको आत पाऊल टाकेल, म्हणून म्हातारा सकाळपासून खुशीत होता. आणि ही बया दारातच!

त्यात आज चुना मारायला नेमकी स्टेजची भिंत आली होती, त्यामुळं आबांची जीभ नुसती सुटली होती. "हितं पडदा. हितं पेटी-तबला. जत्रंच्या रातीला पार त्या लिंबापतूर माणूस बसायचं, मुंगीला वाट न्हाई!"

"आणि तुम्ही काय काम करायचा, आबा?" शाळेत शिकवणाऱ्या क्रांतीनं विचारलं होतं.

"मी? मी सून!" आबांनी मिशीवरचा चुना पुसला होता.

तेव्हा गावच्या नाटकात बाई मिळायची नाही. नाटक शाळेतल्या मास्तरांनी लिहिलेलं, आणि छळ सोसणाऱ्या सुनेचं काम दरसाली जोतीरामचं. मिशी सफाचट. सून रडायला लागली की पैलवान गडीसुद्धा डोळे पुसायचे म्हणे. पुढं सांगलीहून बायका आणायला लागले आणि सून घरी बसली.

सगळे गोल करून जेवायला बसले. झुणका, भाकरी, वर हिरव्या मिरचीचा खर्डा. क्रांतीनं दाराकडं बघत सहज विचारलं, "आजी, आबांचं काम बघून तुम्ही तर लय रडत असाल?"

सगळे हसले. उत्तर दिलं ते आबांनी, आणि ते काही चेष्टेतलं बोलणं नव्हतं.

"ती कशाला रडतीया? एकदाबी आली न्हाई बघायला. अख्खं गाव यायचं, हिच्या म्हायेरची यायची. ही एकटी घरात. नवरा बाई हुतोय म्हणून लाज वाटायची तिला."

हसणारे एकदम थांबले. जुनीच सल होती ती. आबांचे दात एकेक करून पडले, पण ती काही गेली नव्हती.

"लाज?" मनुबाईचा आवाज चढला. "आवं, लाज कसली! जीव तुटायचा माझा यायला."

"मग?"

"मग काय मग! घरात धड लुगडं एकच, माझ्या लग्नातलं. ते तुमी नेसून हितं हुबं! माझ्या अंगावर रानातलं, ठिगळाचं. तसल्या अवतारात माझ्या भावजयांच्या म्होरं येऊन बसू व्हय?"

दरसाली ट्रंकेतून लुगडं काढून तीच द्यायची, निऱ्याही तीच घालून द्यायची. आबा ऐटीत निघून जायचे. मागं राहिलेली बायको काय नेसणार, एवढी साधी गोष्ट, ती काही त्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही. काय म्हणावं या पुरुषांना!

"बोलायचं हुतंस की गं मला," ते कसंबसं म्हणाले.

"बोलले असते तर तुमी नाटक सोडलं असतं." मनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "परड्यात बसून ऐकायची मी. कर्णा आपल्याच घराकडं तोंड करून असायचा. समदं पाठ हाय मला."

मग एरवी हुकूम सोडणारा इंद्रजित हळूच म्हणाला, "आबा, चढा वर."

"हॅट, येडा का काय! ह्या वयात?"

पण मनुबाईनं चपला काढल्या होत्या. ती आत आली आणि चुन्याचे थेंब पडलेल्या फरशीवर, अगदी मधोमध, मांडी घालून बसली. झालं, आता सुटका नव्हती. गुडघ्यावर हात देत आबा स्टेजवर चढले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी डोक्यावरून घेतला, मान खाली घातली, आणि त्या जाड्याभरड्या गळ्यातून बारीक, कापरा आवाज निघाला.

"मामंजी, हा उंबरा ओलांडला तेव्हाच माहेरची वाट मी पुसून टाकली. आता... आता..."

गाडी अडली. आबा छताकडं बघायला लागले.

"आता या घरातून जाईन ती तिरडीवरूनच," मनुबाई खालून म्हणाली.

आबांनी मान हलवली, पण वाक्य काही त्यांच्या तोंडून फुटेना. त्यांनी टॉवेल आणखी पुढं ओढला, पार डोळ्यांच्या खाली.

"काढा ते तोंडावरचं," मनुबाई म्हणाली. "आवाज लय ऐकलाय. आता बघू द्या."