झोपमोड

बायको गेल्यापासून रघुजी हेब्बाळच्या घरात एकटेच राहत. मध्यरात्री उठून गोड खायची सवय लागली, रक्तातली साखर वाढली, तेव्हा शहराच्या दुसऱ्या भागात, के. आर. पुरमला राहणाऱ्या लेकीनं, चंदनानं, त्यांच्या स्वयंपाकघरात बोलणारा कॅमेरा बसवला. रघुजी ओट्यापाशी आले की तिकडे तिचा फोन वाजे आणि इकडे भिंतीवरून तिचा झोपाळलेला आवाज येई.

"आप्पा, पुन्हा? ठेवा बघू तो म्हैसूरपाक. पाणी प्या आणि झोपा."

"ठेवला गं. तू जेवलीस का? पोरं झोपली?"

मग ती थोडं रागवायची, थोडं घरातलं, थोडं ऑफिसातलं सांगायची. रघुजी ओट्याला टेकून ऐकत राहायचे.

या खेपेच्या तपासणीत साखर अगदी ताब्यात आली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना चंदनाला आनंद मावत नव्हता.

"जिंकलात आप्पा! रविवारी येऊन तो कॅमेरा काढून टाकते. तुमच्यामागची कटकट गेली आणि माझी झोपमोडही."

रघुजी पायरीवरच थबकले. खरं तर कित्येक आठवड्यांत त्यांनी गोडाचा कणही तोंडात टाकला नव्हता.


"स्वल्प, थोडे दिवस राहू दे गं," ते खाली बघत म्हणाले, "माझा काही भरवसा नाही."