कॉफीची पेरणी

जीवन पुण्याला कायमचा निघून गेला. पण ते सोडा. तो गेलाच नाही असं धरून चालू, कारण त्याचा बाप सहदेवही तसंच धरून चालला होता.

"अकोटात धड कॉफीबी भेटत नाही," असं पोरगा बॅग भरताना म्हणाला. सहदेवने पोरानेच पारखून मागवलेल्या कॉफीचे टपोरे दाणे निवडले आणि वांग्याच्या वाफ्याशेजारी पेरले.

"आता घरचीच पेजो. पुण्याले काहून जाऊन राहिला?"

"बाबा, भाजेल दाने हायेत ते."

"असन. आपली जमीन काळी हाय."

दाणे उगवले नाहीत. सहदेवने कृषी अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला : 'बियाणे न उगवल्याने मुलगा गावी थांबला नाही. तरी पंचनामा होऊन भरपाईपोटी सदर मुलगा परत मिळावा, ही नम्र विनंती.'