खंड्याची शेपूट

कुमुदिनीच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती. डॉक्टरीणबाई पट्टी बांधत होत्या.

"पण तो शेपूट हलवत आला हो," ती पुन्हापुन्हा सांगत होती. "दोन वर्षं माझ्या हातून जेवलाय खंड्या."

"तो कुत्रा नाही, ताई. या ग्रहावरही पळून शिकार करावी लागते, म्हणून अंग तसं घडलं. शार्क आणि डॉल्फिन एकमेकांचे कुणी नसून सारखे दिसतात ना, तसं. वयात आला की चावण्याआधी तो शेपूट हलवतो. आज जुने अहवाल काढले. तुमच्या भावानंच पहिल्या वर्षी हे लिहून ठेवलंय."

भास्करदादा बाहेर बाकावर बसला होता. खंड्या पिल्लू असताना त्यानंच त्याला तिच्या मांडीवर ठेवून फोटो काढला होता. तो फोटो पाहून पृथ्वीवरची तीनशे कुटुंबं इथं राहायला आली होती.

"तुला ठाऊक होतं?"

त्यानं मान खाली घातली. "अहवाल बाहेर आला असता तर वस्ती उभीच राहिली नसती, कुमे. वाटलं, तुझ्या लळ्यानं तो बदलेल."

"घरोघरी पिल्लं आहेत. पोरांच्या अंथरुणात झोपतात."

"सांगू हळूहळू. आज नको."

ती वस्तीच्या भोंग्याकडे निघाली, तसा तो आडवा आला. जन्मात तिनं त्याला दादाखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

"बाजूला व्हा, साहेब," ती म्हणाली आणि उजव्या हातानं तिनं भोंग्याची कळ दाबली.