परत येण्याची हमी

पिंपरीची कंपनी मला काम शिकायला लक्झेंबर्गला धाडणार होती. व्हिसा हवा तर माणूस परत येईल याची हमी लागते, म्हणून जमिनीत वाटा असल्याचा कागद जोडायचा होता. आमच्या उताऱ्यावर नाव एकट्या थोरल्या भावाचं.

"वाटा हाय असं लिवून देतो," रंगरावदादा म्हणाला. "पर आदी बेलभंडारा उचल. या शिवारात पुन्हा पाय ठेवणार न्हाई म्हण."

"आन आईला भेटाया?"

"तिला सांगीन, तिकडंच मेला म्हणून."

मी बेलभंडारा उचलला, शपथ घेतली. दादानं कागदावर सही केली.

तिथंच बसून मी व्हिसाचा अर्ज भरला. 'मायदेशी परत येणार का?' या रकान्यात 'होय' लिहिलं. त्या अक्षरांवर माझ्या बोटाचा पिवळाजर्द ठसा उमटला.